साल्ढाणा, माथानी

(मृत्यू २१ मार्च २०१२). गोमंतकातील पारंपरिक मच्छीमारांचे पुढारी, देशव्यापी मच्छीमार संघटनेचे पहिले अध्यक्ष, गोवा विधानसभेचे सदस्य व मंत्री. मुरगाव तालुक्यातील कासावली हे किनाऱ्यालगतचे त्यांचे गाव. पेशाने ते शिक्षक होते. तथापि त्यांचे सार्वजनिक जीवन रापणकारांच्या, म्हणजे रापण ओढून उपजीविका करणाऱ्या मच्छीमारांच्या प्रश्नांतून घडले. किनाऱ्यालगतचा समुद्र छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवावा, ही मागणी त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे लावून धरली. या मागणीला कायद्याचे रूप मिळाले, ते साल्ढाणा विधानसभेत येण्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ आधी. ते सभागृहात आले तेव्हा प्रश्न कायदा करण्याचा नसून केलेला कायदा पाळला जाण्याचा होता. त्यांच्या राजकीय कारकिर्दीचे यश आणि तिच्या मर्यादा या दोन्ही या एका गोष्टीवरून स्पष्ट होतात.

रापण व रापणकार : रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे होय. गोव्याप्रमाणेच सिंधुदुर्ग जिल्ह्यात व कारवारच्या किनाऱ्यावरही ते पूर्वापार प्रचारात आहे. पाण्याचा बदललेला रंग व पक्ष्यांच्या हालचाली यांवरून माशांच्या थव्याचा अंदाज घेतात. थवा दिसताच जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात जाते व अर्धवर्तुळाकार फिरत जाळे सोडीत काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. त्यानंतर दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा जाळे ओढू लागतात. एका रापणीला कित्येक डझन माणसांचे बळ लागते; त्यामुळे तो एकट्यादुकट्याचा व्यवसाय नसून वाड्याच्या किंवा गावाच्या सहकार्याचा असतो. मिळालेल्या मासळीचे वाटे होडी, जाळे व ओढणारे हात यांच्यात ठरलेल्या रीतीने पडतात. बांगडा व तारली हे थव्याने किनाऱ्याजवळ येणारे मासे रापणीत मुख्यतः सापडतात. विक्रीचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे असते. रापणकारांत खारवी, गाबीत इ. हिंदू समाज आहेत, तसेच सासष्टी व मुरगाव या तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. रापणीचे वैशिष्ट्य असे, की तिला मासळीमागे जाता येत नाही. मासळी किनाऱ्याजवळ येण्याची वाट तिला पाहावी लागते. मासळी वाटेतच अडविली गेली, तर रापण रिकामी राहते. पुढील सर्व संघर्षाचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

यांत्रिकीकरण व त्याचे परिणाम : भारतात मासेमारीच्या यांत्रिकीकरणास केरळमधील इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाने चालना मिळाली. त्याचा करार १९५२ मध्ये झाला होता. प्रारंभीचा हेतू मच्छीमारांचे राहणीमान सुधारण्याचा होता. पुढे गोठविलेल्या कोळंबीला अमेरिका व जपान येथे मोठी मागणी निर्माण झाली आणि यांत्रिक नौकांचे लक्ष कोळंबीवर केंद्रित झाले. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आल्यानंतर गोव्यातही शासकीय कर्जे व अनुदाने यांच्या साहाय्याने ट्रॉलर नौका समुद्रात उतरू लागल्या. त्यांना लागणारे भांडवल सामान्य रापणकारांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून या धंद्यात मासेमारीशी परंपरेने संबंध नसलेले भांडवलदारही आले.

ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून खरवडत ओढले जाते. कोळंबी उथळ व चिखलट तळाच्या पाण्यात विपुल असते, त्यामुळे खोल समुद्रात जाण्याची क्षमता असलेल्या या नौका प्रत्यक्षात किनाऱ्यालगतच फिरू लागल्या. त्यांच्या फेऱ्यांत पारंपरिक मच्छीमारांची जाळी फाटत. बारीक आसाच्या जाळ्यांत लहान मासळीही ओढली जाई व तळावरील प्रजननक्षेत्रांची नासधूस होई. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांचा प्रसार झाला. बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याकडे वळण्याआधीच समुद्रात वेढून घेणारे हे जाळे होते. त्याच्या प्रसारानंतर तेथील रापणीचा, म्हणजे कन्नड किनाऱ्यावर ‘रंपणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाळ्यांचा व्यवसाय अल्पावधीत कोसळला. शेजारच्या किनाऱ्यावरील हे उदाहरण गोव्यातील रापणकारांच्या डोळ्यांसमोर होते.

रापणकारांचा एकवट : गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीपासून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने कुळांच्या व बहुजनसमाजाच्या हिताचे राजकारण केले. बांदोडकरांनंतर १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात कुळांना जमिनीची मालकी देणारी कायदादुरुस्ती झाली, त्याचप्रमाणे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदाही झाला. किनाऱ्यावरील माडांच्या बागांत राहणारी अनेक मच्छीमार कुटुंबे मुंडकार या नात्याने या कायद्याच्या कक्षेत आली. तथापि ज्या समुद्रावर त्यांचे पोट अवलंबून होते, त्याविषयी त्यांचा कोणताच हक्क लेखी नव्हता. जमीन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळत असताना किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्याला मात्र समुद्राच्या बाबतीत काहीच नव्हते.

अशा परिस्थितीत सत्तरीच्या दशकाच्या मध्यास ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ ही संघटना उभी राहिली व साल्ढाणा तिचे प्रमुख नेते झाले. मोर्चे, धरणी व उपोषणे या मार्गांनी संघटनेने आपली मागणी राजधानी पणजीपर्यंत नेली. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत यांत्रिक नौकांना बंदी असावी, ही तिची मुख्य मागणी होती. तत्कालीन गोव्याच्या राजकारणात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि युनायटेड गोवन्स हा पक्ष यांच्यातील स्पर्धेला धर्माची व भाषेची किनार होती. रापणकारांच्या चळवळीत मात्र हिंदू खारवी व ख्रिस्ती मच्छीमार एका मागणीसाठी एकत्र आले. विलीनीकरणाच्या वादाने दुभंगलेल्या प्रदेशात व्यवसायाच्या हितसंबंधांवर उभी राहिलेली ही एकजूट वेगळ्या स्वरूपाची होती. स्वतः रापण न ओढणाऱ्या शिक्षकाकडे तिचे नेतृत्व आले, यात नवल नाही. कायदा, अर्जविनंत्या, वृत्तपत्रे व शासकीय कचेऱ्या यांच्याशी व्यवहार करणारा माणूस संघटनेला हवा होता आणि ती भूमिका साल्ढाणा यांनी पार पाडली.

राष्ट्रीय संघटना : हा प्रश्न एकट्या गोव्याचा नव्हता. तमिळनाडू व केरळ यांच्या किनाऱ्यांवरही यांत्रिक नौका व पारंपरिक होड्या यांच्यात संघर्ष चालू होता आणि काही ठिकाणी त्याला हिंसक वळण लागले होते. केंद्र शासनाने १९७६ मध्ये मासेमारीची क्षेत्रे ठरविण्यासाठी समिती नेमली. विविध प्रांतांतील मच्छीमार संघटना १९७८ मध्ये एकत्र आल्या व कट्टुमरम व देशी होड्यांवरील मच्छीमारांचे हक्क आणि सागरी संपत्ती यांच्या रक्षणासाठी त्यांनी एक राष्ट्रीय मंच स्थापन केला. साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हाच मंच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे नेतृत्व नंतर केरळचे फादर टॉमस कोचेरी यांच्याकडे आले. पाणी व जीवन यांच्या रक्षणाची घोषणा देत किनाऱ्यांवरून निघालेल्या १९८९ मधील कन्याकुमारी पदयात्रेमुळे आणि परदेशी भागीदारीतील खोल समुद्रातील मासेमारीस नव्वदीच्या दशकात केलेल्या विरोधामुळे या मंचाची देशभर ओळख झाली.

सागरी मासेमारी नियमन कायदा : संविधानानुसार प्रादेशिक जलधीतील मत्स्यव्यवसाय राज्यांच्या सूचीत येतो, तर त्यापलीकडील मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत असते. प्रादेशिक जलधीची मर्यादा १९७६ च्या केंद्रीय कायद्याने १२ सागरी मैल निश्चित केलेली आहे. म्हणून किनाऱ्यालगतच्या पाण्याबाबतचा कायदा प्रत्येक राज्याने वेगळा करणे प्राप्त होते. केंद्राने १९७९ मध्ये नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले. त्यानंतर केरळने व गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाने १९८० मध्ये आपापले सागरी मासेमारी नियमन कायदे केले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, ओरिसाचा १९८२ चा, तमिळनाडूचा १९८३ चा, तर कर्नाटकाचा १९८६ चा होय. गोव्यात काकोडकर मंत्रिमंडळ १९७९ मध्ये कोसळले होते व जानेवारी १९८० च्या निवडणुकीनंतर प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले होते. सत्तांतर होऊनही मागणी मागे पडली नाही, हे चळवळीच्या रेट्याचे द्योतक आहे.

गोव्यात किनाऱ्यापासून ५ किमी. पर्यंतचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना वर्ज्य ठरविण्यात आला. महाराष्ट्रात हीच मर्यादा अंतराऐवजी पाण्याच्या खोलीवरून ठरविलेली आहे. किनाऱ्याच्या भागानुसार ती ५ किंवा १० वाव अशी आहे. या दोन पद्धतींत फरक असला, तरी तत्त्व एकच आहे. समुद्र सर्वांना सारखाच खुला ठेवला, तर बलवान साधनाचा मालक दुर्बल साधनाच्या मालकाला बाहेर काढतो. म्हणून समान हक्कासाठीच काही पाणी राखून ठेवावे लागते, हे तत्त्व या कायद्यांनी मान्य केले. केरळने पर्ससीन व तत्सम जाळ्यांवर प्रादेशिक जलधीत घातलेली बंदी पुढे सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली व पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हा त्या बंदीचा वैध हेतू मानला.

अंमलबजावणीचा प्रश्न : कायदा झाला, तरी समुद्रावर कुंपण घालता येत नाही. नौका मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे ठरविण्यासाठी गस्तीच्या नौका, प्रशिक्षित कर्मचारी व तत्पर न्यायनिर्णय यांची आवश्यकता असते. गोव्याचा किनारा सुमारे १०५ किमी. लांबीचा, म्हणजे तुलनेने लहान आहे. तरीही ५ किमी.च्या मर्यादेच्या उल्लंघनाविषयी रापणकारांच्या तक्रारी सतत चालू राहिल्या. दरम्यान यांत्रिक मासेमारीत गुंतलेले भांडवल वाढले आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या खलाशांची, बर्फ कारखान्यांची व व्यापाऱ्यांची संख्याही वाढली. परिणामी कोणत्याही पक्षाच्या शासनाला कठोर अंमलबजावणी राजकीय दृष्ट्या गैरसोयीची ठरली. पावसाळ्यात, मासळीच्या प्रजननकाळात, यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा उपाय मात्र सर्वत्र रूढ झाला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ पाळण्यात येतो.

खुद्द पारंपरिक मासेमारीचे रूपही बदलत गेले. ऐंशीच्या दशकापासून लहान होड्यांना बाहेरून बसवावयाची इंजिने आली व पारंपरिक कोण आणि यांत्रिक कोण यांमधील रेषा अस्पष्ट झाली. रापण ओढण्यास लागणारे मनुष्यबळ पर्यटनव्यवसायाकडे, जहाजांवरील नोकऱ्यांकडे व आखाती देशांकडे वळले. ज्या पुळणीवर जाळे ओढले जाई, तेथे पर्यटकांसाठी उपाहारगृहे उभी राहिली. त्यामुळे रापणकारांच्या संघटनेपुढे पाण्याइतकाच किनाऱ्याच्या जमिनीचाही प्रश्न आला. केंद्राच्या फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मी. पर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध घातले. मोठ्या हॉटेलांना आळा घालणारे हे निर्बंध मच्छीमारांना हवे होते. परंतु पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांची घरेही त्याच नियमांच्या कचाट्यात सापडण्याची भीती होती. पारंपरिक घरे व व्यापारी बांधकामे यांत भेद करावा, अशी संघटनेची भूमिका राहिली. जानेवारी २०११ मध्ये काढलेल्या नव्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी करण्यात आल्या.

विधानसभेतील कारकीर्द : गोव्याला ३० मे १९८७ रोजी राज्याचा दर्जा मिळाला व विधानसभा ४० सदस्यांची झाली. इतक्या लहान सभागृहात दोन-तीन आमदारांच्या हालचालींनी मंत्रिमंडळे बदलत आणि नव्वदीच्या दशकात त्याचा अनुभव वारंवार आला. मे २००२ च्या निवडणुकीत साल्ढाणा युनायटेड गोवन्स डेमॉक्रॅटिक पार्टीच्या वतीने कुठ्ठाळी मतदारसंघातून निवडून आले. या पक्षाला तीन जागा मिळाल्या होत्या. भारतीय जनता पक्षाला १७ व काँग्रेसला १६ जागा होत्या. कोणालाही बहुमत नसल्याने लहान पक्षांना महत्त्व आले आणि मनोहर पर्रीकर यांनी आघाडीचे शासन बनविले. त्या आघाडीत साल्ढाणा सामील झाले.

या काळातील एका प्रसंगाने साल्ढाणा यांच्या मताचे मोल व त्यांची असहायता एकाच वेळी दाखवून दिली. काही आमदारांच्या राजीनाम्यांमुळे २००५ च्या प्रारंभी पर्रीकर मंत्रिमंडळ अडचणीत आले. फेब्रुवारीत विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभागृहात जे घडले, त्यानंतर राज्यपाल एस्. सी. जमीर यांनी ते बडतर्फ केले व राणे यांचा शपथविधी झाला. साल्ढाणा पर्रीकरांच्या बाजूस राहिले. दिनांक ४ मार्च २००५ रोजी राणे यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला, तेव्हा हंगामी सभापती फ्रान्सिस सार्दिन यांनी साल्ढाणा यांना मतदान करण्यास मनाई केली. त्यामुळे दोन्ही बाजूंची मते समसमान झाली आणि सभापतींच्या निर्णायक मताने ठराव संमत झाला. त्याच दिवशी केंद्राने गोव्यात राष्ट्रपती राजवट लागू केली. ज्या सभागृहात एका आमदाराच्या मतावर शासन तरत वा बुडत होते, तेथे त्या आमदाराच्या मागणीवर, म्हणजे ५ किमी.च्या पट्ट्यावर मात्र सभागृहाचे लक्ष क्वचितच केंद्रित होऊ शकले. पुढे २००७ च्या निवडणुकीत साल्ढाणा यांना विधानसभेत परतता आले नाही.

सभागृहाबाहेर गेल्यावर त्यांनी गोव्याला संविधानातील ३७१ व्या अनुच्छेदाच्या धर्तीवर विशेष दर्जा मिळावा, या मागणीची चळवळ चालविली. जमिनीची मोठ्या प्रमाणावर होणारी विक्री व बाहेरून येणारे भांडवल यांमुळे लहान राज्यातील मूळ रहिवासी आपल्याच भूमीत निर्बल होतील, असा तिचा आशय होता. रापणकारांच्या मागणीशी तिचे नाते उघड आहे. एका ठिकाणी पाणी राखावयाचे होते, दुसऱ्या ठिकाणी जमीन. साल्ढाणा यांच्या मृत्यूनंतर विधानसभेने या मागणीला पाठिंबा देणारा ठराव केला. परंतु केंद्राने तसा दर्जा दिला नाही.

मार्च २०१२ ची निवडणूक साल्ढाणा यांनी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर लढविली व ते पुन्हा कुठ्ठाळीतून निवडून आले. या निर्णयाची बरीच चर्चा झाली, कारण त्यांचा मतदारसंघ ख्रिस्ती वस्तीचा होता आणि त्यांची पूर्वीची ओळख प्रादेशिक पक्षाची होती. त्या पक्षाने या वेळी उभे केलेले सहाही ख्रिस्ती उमेदवार विजयी झाले आणि त्याला प्रथमच २१ जागांचे स्वबळावरील बहुमत मिळाले. पर्रीकर मंत्रिमंडळाचा शपथविधी ९ मार्च रोजी झाला व साल्ढाणा यांच्याकडे पर्यटनखाते आले. ज्या व्यवसायाने रापणकारांच्या पुळणी व्यापल्या होत्या, त्याचेच नियमन त्यांच्या हाती आले होते. मात्र अवघ्या बारा दिवसांनी, २१ मार्च २०१२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी आलिना साल्ढाणा पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आल्या व मंत्री झाल्या. मडगाव येथील दक्षिण गोवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकुलास माथानी साल्ढाणा यांचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन : साल्ढाणा यांचे प्रमुख कार्य विधानसभेबाहेर झाले. किनाऱ्यालगतचे पाणी छोट्या मच्छीमाराचे, ही कल्पना त्यांच्या पिढीने गावोगावच्या तक्रारीतून उचलून देशाच्या कायद्यात आणली. आज किनारी राज्यांत असा पट्टा राखून ठेवणारे कायदे आहेत, त्यामागे या चळवळीचा मोठा वाटा आहे. उलटपक्षी, आमदार व मंत्री म्हणून त्यांना मिळालेली सुमारे पाच वर्षे या कायद्यामागे शासनाची शक्ती उभी करण्यास पुरेशी ठरली नाहीत. याचे कारण व्यक्तीच्या उणिवेत शोधण्यापेक्षा मच्छीमारांच्या राजकीय स्थितीत शोधणे योग्य ठरेल. मच्छीमार किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत अनेक मतदारसंघांत विखुरलेले असतात. एखाद्या मतदारसंघात ते निर्णायक ठरले, तरी सभागृहात त्यांचा गट होत नाही.

हा प्रश्न खाऱ्या पाण्यापुरता मर्यादित नाही. मांजरा नदीकाठी वसलेल्या कळंबसारख्या मराठवाड्यातील भागांतही धरणांच्या जलाशयांवर मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो व तो स्थानिक भोई, कोळी इ. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना मिळावा की अधिक भांडवल असलेल्या ठेकेदाराला, हा वाद तेथेही उद्भवतो. समुद्रावर साधने बदलली, पण वाद तोच राहिला. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले व सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा केली. केंद्राने २०१७ मध्ये आपल्या अखत्यारीतील सागरी क्षेत्रात प्रखर विद्युत दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. तरीही मालवणपासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर या बंदीच्या उल्लंघनाविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांना आंदोलने करावी लागली. कायदा मिळवून देणारी चळवळ व तो राबविणारे शासन यांच्यामधील अंतर जोवर मिटत नाही, तोवर ५ किमी.ची रेषा पाण्यावरच राहणार, हाच या कारकिर्दीचा निष्कर्ष होय.